मरणकाळचे असत्य : 'ऑथेल्लो' आणि 'एकच प्याला' यांतील सहावलंबन व फसवणूक

१

मरणाच्या दारात उभा असलेला मनुष्य खोटे बोलत नाही, या गृहीतावर कायद्याने मृत्युपूर्व जबानीला पुराव्याचे मोल दिले आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती २६ व्या कलमात आली आहे. दोन नाटककारांनी मात्र हे गृहीत नेमके उलटे करून दाखविले आहे. शेक्सपिअरची डेस्डेमोना आणि राम गणेश गडकऱ्यांची सिंधू या दोघीही अखेरच्या श्वासाबरोबर असत्य बोलतात आणि ते एकाच हेतूने बोलतात. ज्याच्या हातून आपला अंत झाला त्या पतीवर आळ येऊ नये, एवढीच दोघींची शेवटची इच्छा असते.

या दोन मरणोक्तींकडे पाहण्याची आपली रीत ठरून गेलेली आहे. डेस्डेमोनाच्या बाबतीत क्षमाशीलतेचा आणि सिंधूच्या बाबतीत पातिव्रत्याचा परमोत्कर्ष, असे आपण म्हणतो आणि उत्तरपत्रिकांतूनही तेच वाचतो. दोन्ही नाटकांतील हा प्रसंग प्रेक्षकाला हेलावून टाकतो, यात शंका नाही. परंतु आस्वादाची तीव्रता हे विश्लेषण थांबविण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात मांडावयाचा विचार असा की, हे असत्य म्हणजे प्रेमाच्या शिखरावर अचानक उमललेले फूल नव्हे. संपूर्ण नाटकभर दोन जिवांच्या संबंधात मुरत गेलेल्या एका सवयीचा तो शेवटचा आविष्कार आहे. जोडीदाराच्या दोषावर पांघरूण घालणे हेच प्रेम, अशी ती सवय होय. खलपुरुषाची फसवणूक अशा जोडप्याच्या घरात इतक्या सहजी शिरते, याचे कारणही त्याच सवयीत शोधावे लागते.

२

या सवयीला अलीकडच्या मानसोपचारात 'कोडिपेंडन्सी' असे नाव आहे. मराठीत 'सहावलंबन' हा शब्द मी येथे वापरतो. 'परस्परावलंबन' म्हटले की निरोगी संसारातील देवाणघेवाणही त्यात येते, म्हणून तो शब्द टाळला आहे. संज्ञेचा जन्म कोठे झाला हे ध्यानात ठेवणे येथे महत्त्वाचे आहे. ती जन्मली मद्यपींच्या घरांत. अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मद्यपींची स्वमदत चळवळ उभी राहिली. मद्यपींच्या बायकांचे आणि कुटुंबीयांचे गट त्या चळवळीच्या कडेकडेने जमू लागले आणि १९५१ मध्ये त्यांची 'अल-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात उपचारकेंद्रांतील समुपदेशकांना जाणवू लागले की, व्यसनी माणसाभोवती जगणाऱ्या व्यक्तीचेही एक ठरावीक वर्तन बनत जाते. कामावर न गेलेल्या नवऱ्याचा वरिष्ठांना निरोप ती देते, की त्याला ताप आहे. त्याचे देणे ती फेडते, शेजाऱ्यांपाशी हसून वेळ मारून नेते. व्यसनाचा परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचू नये यासाठी ती मध्ये उभी राहते आणि तेवढ्यानेच व्यसन टिकून राहते. मेलडी बीटी यांच्या १९८६ मधील पुस्तकाने ही संज्ञा घरोघरी पोहोचविली. आपल्याकडे त्याच वर्षी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनी माणसाइतकेच त्याच्या पत्नीशीही बोलले पाहिजे, ही जाण तेथील कामात दिसते.

या संज्ञेवरचे आक्षेपही तितकेच महत्त्वाचे आहेत. मानसविकारांच्या अधिकृत अमेरिकन वर्गीकरणात तिचा समावेश व्हावा, असा प्रस्ताव टिमन सर्मॅक यांनी १९८६ मध्ये मांडला होता; तो स्वीकारला गेला नाही. स्त्रीवादी अभ्यासकांनी अधिक मूलगामी प्रश्न विचारला. ज्या समाजाने स्त्रीला सेवा आणि सहनशीलता हेच गुण म्हणून शिकविले, त्याच समाजाने त्या गुणांना पुढे रोगाचे लक्षण म्हणावे आणि तिलाच उपचाराला पाठवावे, हा कोठला न्याय? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून येथे ही संज्ञा पात्रांच्या निदानासाठी वापरलेली नाही. नाट्यगत पात्राला मनोरुग्ण ठरविणे हा समीक्षेचा व्यवसाय नव्हे. संहितेला एक प्रश्न विचारण्यापुरतेच या संज्ञेचे काम आहे: या संबंधात कोण कोणाला कशापासून वाचवीत आहे आणि त्या वाचविण्याची किंमत कोण भरीत आहे?

प्रश्न नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मार्कंडेय पुराणात कौशिक नामक कुष्ठरोगी ब्राह्मणाची कथा आहे. त्याला एका वेश्येचा मोह पडतो आणि त्याची पतिव्रता पत्नी त्याला स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिच्या घराकडे निघते. वाटेत शूलावर चढविलेल्या मांडव्य ऋषींना कौशिकाचा पाय लागतो. सूर्योदयाबरोबर तो मरेल, असा शाप ते देतात आणि पत्नी आपल्या तेजाने सूर्यच उगवू देत नाही. जग अंधारात राहिले तरी चालेल, पण पतीला त्याच्या कृत्याचे फळ भोगावे लागू नये, ही त्या कथेची आतील रचना आहे. पुराणकाराने अनसूयेला मध्यस्थ करून सूर्य उगवविला, पतीला जिवंत केले आणि निरोगीही केले. शोकात्मिकेत अनसूया नसते.

३

'ऑथेल्लो'चा पहिला नोंदलेला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झाला. मराठीशी या नाटकाचे नाते जुने आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे, देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा आणि वि. वा. शिरवाडकरांचा 'ऑथेल्लो' १९६१ चा. इयागोच्या कपटाविषयी आपल्या समीक्षेत विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने ते कपट ज्या जमिनीत रुजते तिच्याकडे कमी लक्ष गेले.

हे प्रेम कसे जमले, याचा वृत्तान्त ऑथेल्लो स्वतः व्हेनिसच्या राजसभेत सांगतो. आपल्या लढायांच्या, गुलामगिरीच्या, सुटकेच्या कथा तो डेस्डेमोनाच्या वडिलांना सांगत असे. घरकाम उरकून ती ऐकायला येई आणि ऐकताना रडे. त्याने भोगलेल्या संकटांसाठी तिने त्याच्यावर प्रेम केले आणि तिला त्या संकटांची कीव आली म्हणून त्याने तिच्यावर प्रेम केले, असा त्याचा स्वतःचाच खुलासा आहे. हा खुलासा सभेला पटतो, आपल्यालाही पटतो. पण त्याचा अर्थ नीट लावला तर मन थोडे चरकते. येथे दोघांच्या भूमिका पहिल्या दिवसापासून वाटल्या गेल्या आहेत. त्याच्याकडे जखमा, तिच्याकडे करुणा. तो तिच्यात स्वतःची कथा ऐकणारी व्यक्ती पाहतो, ती त्याच्यात सांत्वनाची गरज पाहते. डेस्डेमोना कोण आहे, तिला काय आवडते, याची चौकशी त्या वृत्तान्तात कोठेही नाही.

आणि हे लग्न गुप्तपणे झालेले आहे. मुलीने बापाला फसविले, ती नवऱ्यालाही फसवील, असा इशारा ब्राबान्शिओ जाता जाता देऊन जातो. तिसऱ्या अंकात इयागो नेमके हेच वाक्य उचलून ऑथेल्लोच्या कानात घालतो. त्याला नवा पुरावा शोधावा लागत नाही. ज्या लपवाछपवीवर हे प्रेम उभे राहिले, तीच लपवाछपवी त्याच्या हाती आयती सापडते.

संशय येताच ऑथेल्लोची प्रतिक्रिया काय होते? तो पत्नीला निरोप देत नाही, सैन्याला देतो. ध्वज, घोडे, रणवाद्ये, तोफा या सर्वांचा तो एकेक नाव घेऊन निरोप घेतो आणि आपला व्यवसाय संपला असे जाहीर करतो. पत्नी व्यभिचारिणी निघाली तर सेनापतीची तलवार का गळून पडावी? त्याने आपले सर्व अस्तित्व एका व्यक्तीच्या ठायी ठेव म्हणून ठेवले आहे, हेच त्याचे उत्तर. चौथ्या अंकात तो हे उघड बोलतो: आपले हृदय जेथे साठवून ठेवले, जेथून आपल्या जीवनाचा झरा वाहतो, तेथूनच आपल्याला हुसकावून लावले गेले आहे. या उद्गारांतील काव्य थोर आहे. पण ज्या पुरुषाचे जगणे-मरणे एका स्त्रीच्या निष्ठेवर इतके टांगलेले असेल, तिला त्याच्या घरात श्वास घ्यायलाही मोकळीक उरणार नाही.

रुमालाच्या प्रकरणात तर फसवणुकीचे सगळे धागे एकत्र येतात. टॉमस रायमरने १६९३ मध्ये या रुमालावरून नाटकाची टर उडविली होती. एवढ्याशा फडक्यासाठी एवढा गहजब कशाला, असा त्याचा प्रश्न. रुमाल एवढासाच असला तरी त्याच्याभोवती खोटे बोलणारी माणसे मोजावीत. ऑथेल्लो तिसऱ्या अंकात सांगतो की, हा रुमाल एका इजिप्शियन मांत्रिकेने आपल्या आईला दिला आणि तो हरवला तर पतीचे प्रेम उडेल. पाचव्या अंकात तोच ऑथेल्लो म्हणतो की, आपल्या वडिलांनी तो आईला दिला होता. या दोन हकिकतींपैकी एक तरी रचलेली असली पाहिजे. बायकोला धाक घालण्यासाठी पहिली रचली असावी, असे मला वाटते. तो धाक बसतो. रुमाल हरवल्याचे डेस्डेमोनाला ठाऊक आहे, पण रागावलेल्या नवऱ्यापुढे ती म्हणते की हरवलेला नाही. खरे बोलण्याची हिंमत तिच्यात नाही, असे म्हणवत नाही. हीच मुलगी राजसभेत वडिलांच्या तोंडावर ठाम बोलली होती. मग दोन अंकांत काय बदलले? त्याचा राग शांत ठेवणे हे तिचे काम होऊन बसले आहे. तिच्या शेजारी एमिलिया उभी आहे. तिनेच रुमाल उचलून इयागोला दिला आहे आणि तो कोठे गेला असेल या प्रश्नावर तीही कानावर हात ठेवते.

एमिलियाकडे आपण बहुधा शेवटच्या प्रवेशात वळतो. पण सहावलंबनाच्या दृष्टीने ती नाटकातील सर्वांत सूचक व्यक्तिरेखा आहे. नवऱ्याने रुमाल कितीदा तरी मागितला होता, कशासाठी ते तिला माहीत नाही, त्याची लहर राखणे एवढेच तिला माहीत. तो तिला चारचौघांत टाकून बोलतो आणि ती त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसावे म्हणून धन्याच्या घरातील वस्तू उचलते. पुढे हाच रुमाल कॅसिओ आपल्या बियांकाला कशिद्याची नक्कल करायला देतो. ती रुसते, चिडते आणि शेवटी त्याला जेवायला बोलावून जाते. एकच वस्त्र तीन स्त्रियांच्या हातून फिरते आणि तिघीही पुरुषाची मर्जी सांभाळण्याच्या एकाच कामात गुंतलेल्या असतात.

चारचौघांत थप्पड बसल्यावर डेस्डेमोना एवढेच म्हणते की हे माझ्या वाट्याला यायला नको होते. त्याआधीच तिने त्याच्या संतापाचे कारण शोधून ठेवले आहे: राज्यकारभाराची काहीतरी चिंता असेल, पुरुष काही देव नसतात, आपणच त्याच्यावर अन्याय केला. या तर्काकडे बारकाईने पाहिले पाहिजे. यात प्रेम आहे आणि स्वतःची फसवणूकही आहे; त्या दोहोंना वेगळे करणे तिलाच शक्य उरलेले नाही. त्याने वेश्या म्हटल्यावर ती मदत मागायला जाते, तीही इयागोकडे. नवऱ्याची मर्जी परत कशी मिळवावी, हाच तेव्हाही तिचा प्रश्न असतो.

मृत्यूच्या आदल्या प्रवेशात तिने पलंगावर लग्नातील चादरी घालायला सांगितल्या आहेत आणि त्याच्या कठोरपणातही आपल्याला सौंदर्य दिसते, असे ती एमिलियाला सांगते. याच प्रवेशात एमिलियाचे ते प्रसिद्ध भाषण आहे: बायकांनाही जीभ असते, नाक असते, गोड-आंबट कळते, आणि नवऱ्यांच्या दोषांतूनच त्यांचे दोष येतात. संहितेचा एक तपशील येथे नोंदविण्यासारखा आहे. १६२२ च्या क्वार्टो प्रतीत डेस्डेमोनाचे गाणेही नाही आणि एमिलियाचे हे भाषणही नाही. १६२३ च्या फोलिओत दोन्ही आहेत. म्हणजे शोकगीत आणि त्याला दिलेला प्रतिवाद नाटकात एकत्रच आले किंवा एकत्रच गळाले. वर्गात हा प्रवेश शिकविताना आपण गाण्यापाशी थांबतो आणि भाषण उरकून टाकतो, याचे कारण वेळापत्रकात नाही.

मग तो शेवट. गळा दाबला गेल्यावर डेस्डेमोना क्षणभर शुद्धीवर येते. हे कोणी केले, असे एमिलिया विचारते तेव्हा ती उत्तरते की कोणी नाही, मीच; आणि आपल्या दयाळू पतीला निरोप सांगायला सांगते. या उत्तराचे पुढे काय होते, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. ऑथेल्लो प्रथम त्याचा आडोसा घेतो: तू ऐकलेस ना, ती स्वतःच म्हणाली, मी नव्हे. पुढच्याच क्षणी तो म्हणतो की ती खोटे बोलून नरकात गेली, तिला मारले ते मीच. नवऱ्याला वाचविण्यासाठी उच्चारलेले असत्य नवऱ्याच्या हाती तिच्याविरुद्धचा पुरावा बनते. ती खोटारडी होती, हे सिद्ध झाले! इयागोने अंकच्या अंक खर्चून जे साधले, त्यावर शेवटची मोहोर डेस्डेमोनाच्याच उक्तीने उमटावी, यापेक्षा क्रूर विपर्यास शेक्सपिअरने क्वचितच रचला असेल.

समीक्षकांनी या शेवटाकडे पाहताना सारे लक्ष नायकावर केंद्रित केले. ब्रॅडलीने १९०४ मध्ये त्याची उदात्तता वाखाणली. एलियटने १९२७ मध्ये म्हटले की अखेरच्या भाषणात तो स्वतःचीच समजूत घालीत आहे, आणि लीव्हिसने १९३७ मध्ये त्याच्या आत्मगौरवावर कठोर प्रहार केला. हा वाद मोलाचा आहे. पण नायक थोर की आत्मवंचक, या प्रश्नात नायिका केवळ त्याला अजमावण्याची कसोटी होऊन राहते. आपण शहाणपणाने नव्हे पण अतिशय प्रेम केले, असे ऑथेल्लो स्वतःबद्दल सांगतो. रॉबिन नॉरवुड यांच्या १९८५ मधील गाजलेल्या पुस्तकाच्या नावात अतिप्रेमाचा हाच आरोप स्त्रियांवर येतो. पुरुषाने केला तर अतिप्रेम हा बचाव ठरतो आणि स्त्रीने केला तर विकार, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

४

सायप्रसच्या त्या रात्री इयागो मनाशी योजना आखतो की, कॅसिओच्या गळी फक्त एक प्याला उतरवता आला की पुरे. कॅसिओला आपली दुर्बलता ठाऊक आहे, तो नाही म्हणतो, आग्रहाला बळी पडतो आणि त्या रात्रीच आपले पद गमावून बसतो. सेनापतीच्या संसाराचा विध्वंस या एका प्याल्यापासून सुरू होतो. मराठी वाचकाच्या कानात येथे दुसऱ्या एका नाटकाचे नाव वाजल्याशिवाय राहत नाही. हे साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. दोन्ही नाटककारांना माणूस कसा घसरतो, हे सारखेच दिसले, एवढाच त्याचा अर्थ.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पुढे मराठी रंगभूमीची दंतकथा झाले. सुधाकर हा बुद्धिमान आणि तितकाच मानी वकील. कोर्टातील अपमानाने आणि सनद गेल्याने तो खचतो आणि त्याचा कारकून तळीराम त्या दुःखावर उतारा म्हणून पहिला प्याला पुढे करतो. तळीरामाला इयागोची बुद्धी नाही, त्याचे वैरही नाही. तो स्वतःच दारूचा दास आहे आणि त्याला सोबती हवा आहे. म्हणून 'एकच प्याला'मध्ये फसवणूक बाहेरून कमी आणि आतून अधिक येते. फक्त एकच, यानंतर नाही, हे वचन सुधाकर प्रथम स्वतःला देतो.

सिंधूची स्थिती विचारात घेताना एक गोष्ट बहुधा निसटते. ती निराधार नाही. तिचे माहेर संपन्न आहे, भाऊ पद्माकर पाठीशी आहे, तिने तेथून निघून यावे असे त्याला मनापासून वाटते. तरी ती पतीचे पाय सोडीत नाही, माहेरचा आधार नाकारते आणि लोकांचे दळण दळून तान्ह्या मुलाला जगवते. माहेरची मदत घेणे म्हणजे पतीच्या अपयशावर शिक्कामोर्तब करणे, असे ती मानते. त्या जात्याच्या घरघरीने घर उभे राहते, हे खरे. पण त्याच घरघरीमुळे सुधाकराला आपल्या कर्तृत्वाचा खरा आवाज ऐकू येत नाही, हेही तितकेच खरे. संसाराची चूल त्याच्याशिवायही पेटत राहते.

येथे सिंधूला दोष देणे सोपे आणि चुकीचे आहे. १९१९ मध्ये हिंदू विवाहित स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने खुला झाला. माहेरी परतलेली बाई आणि टाकलेली बाई यांत समाज फारसा फरक करीत नसे. तिच्यापुढे जे पर्याय होते त्यांत पतीच्या पायाशी राहणे हाच एक प्रतिष्ठेचा होता. तिचे सहावलंबन हे तिच्या स्वभावाचे व्यंग नव्हे, तिला दिलेल्या शिक्षणाचे फलित आहे. त्या शिक्षणाचा गौरव नाटक करते की त्याची चिकित्सा करते, हा खरा वाद.

माझ्या मते नाटक दोन्ही करते, पण समान हाताने नाही. सुधाकराला गडकऱ्यांनी स्वतःच्या व्यसनाचे विलक्षण विश्लेषण करण्याची संधी दिली आहे. मद्यपीच्या तीन अवस्था तो रामलालला समजावून सांगतो, आणि सुरुवातीला मनुष्य दारू का सोडीत नाही व पुढे त्याला ती का सोडवत नाही, याचे ते विवेचन आजच्या व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्यालाही थक्क करील. रोग्याला रोगाचे पूर्ण ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाने त्याची सुटका होत नाही, ही शोकात्म जाणीव त्यात आहे. सिंधूला असे एकही भाषण नाही. आपण हे का सहन करीत आहोत, याची मीमांसा तिच्या वाट्याला येत नाही, पदे येतात. आणि ती पदेही विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिलेली आहेत. निदान पुरुषाला मिळाले आणि सूर स्त्रीला. बालगंधर्वांच्या गळ्यातून ते सूर इतके मधुर उमटले की दळण दळणारी उपाशी बाई हा रसिकतेचा विषय झाला. 'वन्समोअर'चे गजर झालेल्या रंगभूमीवर सिंधूच्या दुःखाची चिकित्सा करायला कोणाला सवड असणार?

प्रतिवाद करणारी स्त्री गडकऱ्यांनीही निर्माण केली आहे. तळीरामाची बायको गीता रोखठोक आहे, दारुड्या नवऱ्याची गय न करणारी आहे. पण एमिलिया शोकात्म प्रवेशाच्या मध्यभागी येते आणि गीता विनोदी अंगाकडे ठेवली जाते. तिचे शहाणपण आपण हसून स्वीकारतो आणि म्हणूनच विसरतो.

शेवटी नशेतील सुधाकराच्या हातून मुलाचा बळी जातो, सिंधू मरणोन्मुख होते आणि पोलिसांपुढे ती जे सांगते त्याचा आशय असा की, घडला तो अपघात, त्यात पतीचा दोष नाही. डेस्डेमोनाने फक्त स्वतःच्या मृत्यूबद्दल खोटे सांगितले. सिंधूला आपल्या बाळाच्या मृत्यूबद्दलही सांगावे लागते. हा फरक लहान नाही. स्वतःवरचा अन्याय पोटात घालण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, असे एकवेळ मानता येईल. मुलावरचा अन्याय पोटात घालण्याचा अधिकार आईला असतो काय, हा प्रश्न नाटक उच्चारीत नाही. पातिव्रत्य आणि वात्सल्य यांत विरोध उभा राहिला आणि एकाने दुसऱ्याला गिळले, हे मराठी समीक्षेने अद्याप पुरेशा स्पष्टपणे म्हटलेले नाही, असे मला वाटते.

या दोन्ही असत्यांनी वाचविले कोणाला? ऑथेल्लो स्वतःला भोसकून घेतो. सुधाकर दारूत विष घालून ती पितो. ज्या पुरुषांना शिक्षेपासून दूर ठेवण्यासाठी या स्त्रिया मरता मरता खोटे बोलल्या, ते दोघेही आपला निवाडा आपणच करून मोकळे होतात. कायद्यापुढे उभे राहून, जगून, केलेल्याचे ओझे वाहण्याची वाट दोघांनाही नको आहे. आत्महत्येने सुधाकराविषयी आपल्या मनात कणव दाटते आणि तो पुन्हा नाटकाचा नायक होतो. सिंधू आणि बाळ त्याच्या पश्चात्तापाची कारणे होऊन राहतात.

मरणासन्न स्त्रीने पतीला निर्दोष ठरविणे हा आपल्याकडे केवळ नाट्यविषय नाही. १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम घालण्यात आले, त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांतही भाजलेल्या सुनांच्या बातम्यांत स्टोव्हचा भडका हे कारण वारंवार छापले जात होते. त्यांतील किती जबान्या सिंधूच्या जातीच्या होत्या, हे मोजण्याचे साधन साहित्याच्या अभ्यासकाजवळ नाही. मात्र सिंधूच्या जबानीला आदर्श म्हणून शिकविताना तिचा हा दुसरा वंश त्याच्या नजरेसमोर असावा.

तुलनेचा शेवटचा मुद्दा साक्षीचा आहे. डेस्डेमोनाच्या असत्यानंतर लगेच एमिलिया बोलते. घरी जा, अशी नवऱ्याची आज्ञा ती भर सभेत मोडते, रुमालाची खरी हकीकत सांगते आणि त्याच क्षणी इयागोच्या तलवारीने मरते. मरताना तीही बोलते, पण ती आपल्या धनिणीच्या निर्मळपणाची ग्वाही देते आणि आपण खरे बोलून मरत आहोत असे सांगते. एकाच शय्येवर दोन मरणोक्ती शेक्सपिअरने शेजारी ठेवल्या आहेत, एक खोटी आणि एक खरी. रॉडरिगोच्या खिशात सापडलेली पत्रे तिच्या साक्षीला दुजोरा देतात आणि घडले ते जसेच्या तसे व्हेनिसला कळविण्यासाठी लोडोव्हिको जहाजाकडे निघतो. सिंधूच्या अंथरुणापाशी भाऊ आहे, रामलाल आहे, पोलीस आहेत आणि पडदा पडला की रडणारा प्रेक्षक आहे. पण पोलिसांनी तिच्या तोंडून ऐकले ते अपघाताचेच.